पाळीचा फळा

शनिवारी संध्याकाळी खडू पाण्यात बुडवून लिहितो,
म्हणजे रविवारच्या मिस्सापर्यंत पुसला जात नाही.

पहिलं वाचन, मराठी : रुजाय सोज.
(शाळेतनं निवृत्त झाल्या, पण स्वल्पविरामाला अजून थांबतात
आणि मागच्या बाकावरच्या पोरांकडं चष्म्यावरनं बघतात.)
स्तोत्र, कोंकणी : पास्कू, आणि त्याची दमेकरी पेटी.
दुसरं वाचन, कन्नड : आरोग्यव्वा.
दानाची पिशवी : मिंगेल बारदेसकर.
दारात उभं राहायला : कुणीतरी.
हा कुणीतरी दर आठवड्याला निराळा असतो
आणि आजवर एकदाही चुकलेला नाही.

माझं नाव फळ्यावर नसतं.
मी सांक्रिस्तांव. भाकरीच्या सुरीनं वेदीवरचं मेण खरवडतो,
ओस्ती मोजतो : एरवी एकशे चाळीस,
गोव्याला कामाला गेलेली पोरं सणाला परतली की तीनशे.
पुसणी धुतो. पहिलं पाणी मोरीत जात नाही,
मागल्या जास्वंदीच्या मुळाशी ओततो.
खानापुरात कौलांच्या कारखान्यात तीस वर्षं
ओली माती साच्यातनं सोडवली,
त्यामुळं पेला उचलताना हात आपोआप हळू होतो.

त्या रविवारी दुसरी घंटा झाली आणि फोन वाजला.
आरोग्यव्वा बैलहोंगलला, दवाखान्यात.
लेकीला पहाटेपासून कळा सुरू.
रुजायबाई म्हणाल्या, बोलता येतं हो, वाचता कुठं येतं.
मिंगेल पिशवीची दोरी सोडून परत बांधायला लागला.
फादर माझ्याकडं बघून म्हणाले, तुला येतंय की.

येतंय.
कसं येतंय ते त्यांना माहीत नव्हतं.
अठराव्या वर्षी, रात्री, डांबराचा डबा घेऊन
मी स्टँडपासनं नदीच्या पुलापर्यंत पाट्या काळ्या करत गेलो होतो.
जी अक्षरं झाकायची ती आधी ओळखावी लागतात.
तेवढ्या रात्रींत निम्मी मुळाक्षरं शिकलो.
उरलेली कारखान्याच्या हजेरीबुकानं शिकवली.

पुस्तक उघडलं. पावलाचं पत्र, अकरा ओळी.
चाकावरनं आत्ताच उतरावीत तशी गोल अक्षरं,
आणि त्यांच्या पायाशी लोंबणारी जोडाक्षरं,
भट्टीत जायच्या आधीच्या कानासारखी, धक्का लागला तर निखळतील.
दोन ओळी गेलो.
तिसरीत अडकलो.
पास्कूच्या पेटीतनं नुसती हवा गेली.
बाहेर बेळगावची बस हॉर्न देत होती, कंडक्टर ओरडत होता,
मी मात्र एका शब्दापुढं उभा,
घाम मानेवरनं कॉलरच्या आत.

तिसऱ्या बाकावरनं इन्नासप्पा बोलला तो शब्द.
आरोग्यव्वाचा नवरा. देवळातल्या कुठल्याच कामाला
वीस वर्षांत ज्यानं हात लावला नाही,
बायकोला सोडायला यायचा आणि खांबाशी डुलक्या घ्यायचा.
मोठ्यानं नाही बोलला. ताटात मीठ वाढावं तसं.
मी तो शब्द उचलला, पुढं गेलो.
पुन्हा अडकलो, त्यानं पुन्हा वाढलं.
सातव्या ओळीला त्याचा सगळा बाक वाढत होता.

संपलं तेव्हा म्हणाले, देवरिगे कृतज्ञते सल्लली.
आमच्या मराठी बाकांवरनंही म्हणाले, थोडं उशिरा.
ओस्ती चार उरल्या. मेण पुष्कळ सांडलं होतं.

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी.

या शनिवारी फळ्यावर
आरोग्यव्वाचं नाव पहिल्यांदाच तिच्या लिपीत लिहिलं.
शेवटच्या जोडाक्षरापाशी खडू मोडला,
उरलेल्या तुकड्यानं पुरं केलं. जरा वाकडं आलंय.
मग खाली, दारात उभं राहायला, याच्यापुढं
'कुणीतरी' पुसून 'इन्नासप्पा' लिहिलं.
त्याला विचारलेलं नाही.
खडू पाण्यात बुडवला नाही, कोराच वापरला.
रागावला तर पुसेल आपल्या हातानं.
खडूच आहे. डांबर थोडंच आहे.